बारा पिल्ले, आठ सड : सशिणीच्या मोठ्या वेताची निगा

ससेपालन करणाऱ्याच्या घरी पहाटे मादी व्याली आणि पेटीत बारा पिल्ले मोजली गेली की घरात आनंद होतो. वहीत बाराचा आकडा लिहिला जातो. बारा पिल्ले मोठी होतील, विकली जातील, असा हिशेबही मनात मांडून होतो. पण दहा दिवसांनी पेटी उघडावी तर सात उरलेली असतात आणि त्यांतलीही दोन-तीन सुरकुतलेली दिसतात. मग दोष कधी नजर लागण्याला दिला जातो, कधी मादीला, कधी जातीला. खरे कारण बहुतेक वेळा साधे असते. मादीला सड साधारण आठ असतात आणि ती दिवसातून एकदाच, तीन ते पाच मिनिटे दूध पाजते. बारा तोंडे आणि आठ सड हे गणित मादी सोडवू शकत नाही. ते पाळणाऱ्यानेच सोडवायचे असते.

या धंद्यात जन्मलेल्या पिल्लांवर नफा मिळत नाही. दूध तुटेपर्यंत जगलेल्या, वजनदार पिल्लांवर मिळतो. म्हणून मोठे वेत झाले की पहिल्या तीन दिवसांत काय करायचे आणि पुढचे चार आठवडे काय सांभाळायचे, याची माहिती या लेखात क्रमाने देत आहोत.

प्रारंभी दोन गोष्टी स्पष्ट करू. पहिली गोष्ट हलाल-हरामची. अहले सुन्नतच्या चारही मजहबांत ससा हलाल आहे. हजरत अनस (र.) यांनी सांगितलेली हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मर्रुज्जहरान येथे पकडलेला ससा हजरत अबू तलहा (र.) यांनी जिबह केला, त्याचा भाग पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याकडे पाठविला आणि त्यांनी तो स्वीकारला, असे तीत आले आहे. दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्या माळरानावरचा ससा वेगळा आणि पिंजऱ्यात पाळला जाणारा ससा वेगळा. रानातल्या सशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्याला पकडणे, मारणे, पाळणे हा गुन्हा आहे. रानसशाचे पिल्लू अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्मते. पाळीव सशाचे पिल्लू मात्र उघडे, आंधळे आणि बहिरे जन्मते. न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, व्हाइट जायंट, कॅलिफोर्नियन या पाळीव जाती आहेत. पुढील सर्व माहिती त्यांच्याविषयी आहे.

मादीची रीत समजून घ्या

नवीन पाळणाऱ्याची नेहमीची तक्रार असते की, "मादी पिल्लांकडे ढुंकूनही पाहत नाही." ही तक्रार बहुधा चुकीची असते. मांजर किंवा शेळी पिल्लांजवळ बसून राहते, सशीण बसत नाही. तिचे पूर्वज जमिनीत बीळ करून पिल्ले ठेवीत. वारंवार बिळाकडे गेले तर कोल्ह्या-लांडग्यांना ठिकाण कळते. म्हणून दिवसातून एकदा गुपचूप जायचे, भराभर पाजायचे आणि दूर निघून यायचे, ही सवय तिच्या रक्तात आहे. हे पाजणे बहुतेक रात्री किंवा पहाटे होते, म्हणून आपल्या नजरेस पडत नाही.

पाजताना मादी आडवी होत नाही. ती पिल्लांवर ओणवी उभी राहते आणि पिल्ले खालून उताणी होऊन सड शोधतात. सडाजवळून निघणारा एक विशिष्ट गंध त्यांना वाट दाखवितो. फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी २००३ साली हा गंध कोणत्या द्रव्याचा आहे ते शोधून काढले. सशाच्या पिल्लाचा सड ठरलेला नसतो. ते थोडे चोखते, सोडते आणि दुसरा सड धरते. या धक्काबुक्कीत जोरदार पिल्लू दोन-तीन सडांवर हात मारते आणि दुबळे कोरडे राहते. आज कोरडे राहिलेले पिल्लू उद्या आणखी दुबळे होते. मोठ्या वेतातली पिल्ले एकदम मरत नाहीत, अशी एकेक करून मागे पडत मरतात.

म्हणून मादी पाजते की नाही हे मादीकडे पाहून ठरवू नका, पिल्लांच्या पोटाकडे पाहून ठरवा. पाजलेल्या पिल्लाचे पोट गोल व ताठ असते. पहिल्या आठवड्यात पातळ कातडीतून आतले पांढरे दूधही दिसते. असे पिल्लू केसांच्या उबेत शांत पडून राहते. उपाशी पिल्लाचे पोट खपाटीला गेलेले असते, कातडी सुरकुतलेली असते, हात वर नेताच ते उसळ्या मारते. पिल्ले पेटीत विखुरलेली दिसली तर तेही भुकेचे किंवा उकाड्याचे लक्षण समजावे. रोज सकाळी ही तपासणी केली तर आजार नव्हे, भूक हेच मरण्याचे मोठे कारण आहे असे दिसून येईल.

दुधाचा हिशेब

सशिणीचे दूध फार कसदार असते. त्यात स्निग्धांश सुमारे १२ टक्के आणि प्रथिने जवळपास तितकीच असतात. गाईच्या दुधात स्निग्धांश चार टक्क्यांच्या आसपास आणि प्रथिने साडेतीन टक्क्यांच्या आत असतात. एवढे कसदार दूध असल्यामुळेच एका वेळच्या पाजण्यावर पिल्लू चोवीस तास काढते.

पहिल्या एक-दोन दिवसांत दूध थोडे असते. मग वाढत वाढत तिसऱ्या आठवड्यात ते कळसाला पोहोचते. चांगल्या मादीचे दूध त्या वेळी दिवसाला २०० ते २५० ग्रॅमपर्यंत जाते. आता वाटणी करून पाहा. २०० ग्रॅम दूध आठ पिल्लांत वाटले तर प्रत्येकी २५ ग्रॅम येते. बारांत वाटले तर १६-१७ ग्रॅम येते, तेही वाटणी समान झाली तर. प्रत्यक्षात ती समान होत नाही. चार पिल्ले २५ ग्रॅम ओढतात आणि शेवटच्या चारांना दहाही मिळत नाही. चोखणारी तोंडे वाढली की दूधही काहीसे वाढते, पण त्याला मर्यादा आहे. म्हणून एका मादीखाली आठ पिल्ले हा व्यवहारी आकडा धरावा. मादी पहिलटकरीण असेल तर सहा-सातच ठेवावीत.

विण्याआधीची तयारी

मोठ्या वेताची तयारी मादी नराला दाखवितानाच सुरू होते. गाभण काळ ३० ते ३२ दिवसांचा असतो. एकाच मादीला एकटीने लावू नका. दोन किंवा तीन माद्या एकाच दिवशी, फार तर एका दिवसाच्या अंतराने लावा. मग त्या बरोबरच वितात आणि एकीची जास्तीची पिल्ले दुसरीला देता येतात. या एका सवयीने पुढची निम्मी अडचण दूर होते.

२८ व्या दिवशी पेटी ठेवावी. मध्यम-मोठ्या जातीसाठी दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटी पुरते. पुढची कड सहा इंच ठेवावी. पाजून झाल्यावर मादी उडी मारून बाहेर जाते, तेव्हा सडाला लोंबकळत राहिलेले पिल्लू या कडेला अडून आतच पडते. पेटीत स्वच्छ वाळलेले गवत किंवा भाताचा मऊ पेंढा घालावा. मादी स्वतःच्या पोटावरचे केस उपटून वर गादी करते. पेटीखाली उंदीर व मुंग्यांचा बंदोबस्त करावा. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची जुनी रीत आजही उत्तम आहे.

पहिला दिवस : मोजणी, वजन, ऊब

मादी व्याल्यावर तिला ताजे पाणी आणि थोडा हिरवा चारा देऊन पेटीपासून दूर करा. हात धुऊन तिच्याच केसांवर चोळा आणि मग पेटी तपासा. माणसाचा हात लागला की आई पिल्लांना टाकते, हा समज खरा नाही. रोज हाताळणाऱ्याची माणसाळलेली मादी असे करीत नाही. मेलेली पिल्ले, जार आणि भिजलेला पेंढा बाहेर काढा. जिवंत पिल्ले मोजा आणि प्रत्येकाचे वजन घ्या. सोन्या-चांदीच्या दुकानात असतो तसला छोटा तराजू या कामाला मोलाचा ठरतो.

जन्मतः पिल्लू साधारण ४० ते ६० ग्रॅमचे असते. मोठ्या वेतात ३५ ग्रॅमचीही निघतात. त्यांच्या अंगावर केस नसतात, त्यामुळे गादीत ३० ते ३५ अंश ऊब लागते. विदर्भ-मराठवाड्याच्या थंडीत गादी जाड करा. उन्हाळ्यात ती पातळ करा, नाहीतर पिल्ले गुदमरून बाहेर सरपटतात.

एखादे पिल्लू बाहेर पडून गार झालेले सापडले तर लगेच दूध पाजू नका. आधी ऊब, मग दूध. तळहातात किंवा कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीजवळ ठेवून त्याला हळूहळू गरम करा. गार पिल्लाच्या पोटात दूध पचत नाही.

पहिल्या दिवशी पोटे रिकामी दिसली तरी घाबरू नका. पहिलटकरणीला कधी कधी दूध उतरायला एक दिवस लागतो आणि उबेत असलेली पिल्ले तेवढा दिवस काढतात. दुसऱ्या दिवशीही पोटे रिकामीच असतील तर मादीला अलगद धरून पेटीत पिल्लांवर पाच मिनिटे उभी करा. ती उभी राहत नसेल तर टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर उताणी घ्या आणि पिल्ले सडाला लावा. दोन-तीन दिवस असे केले की बहुतेक माद्या स्वतःहून पाजू लागतात.

जास्तीची पिल्ले दुसऱ्या आईकडे

मोठ्या वेतावरचा हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. समजा, आपल्या शेडमध्ये तीन माद्या एका दिवसाच्या अंतराने व्याल्या. पहिलीला बारा, दुसरीला पाच आणि तिसरीला सात पिल्ले झाली. एकूण चोवीस. पहिलीची तीन दुसरीकडे आणि एक तिसरीकडे दिले की प्रत्येकीखाली आठ-आठ होतात.

सशीण पिल्ले मोजत नाही आणि आपले-परके चेहऱ्याने ओळखत नाही. ती वासाने ओळखते. त्यामुळे ती सहज दाई होते, मात्र पुढील नियम पाळावेत :

१) बदली पहिल्या तीन दिवसांत उरकावी. दोन्ही वेतांच्या वयात दोन दिवसांपेक्षा जास्त अंतर नसावे.

२) दाई मादीला आधी पेटीपासून दूर करावे. नवीन पिल्लांच्या अंगावरचे जुने केस झटकून त्यांना दाईच्या पिल्लांच्या मधोमध ठेवावे आणि वरून तिचेच केस पसरावेत. अर्ध्या-एक तासात सर्वांचा वास एक होतो. मग मादीला सोडावे. मादी फार संशयी असेल तर तिच्या नाकाला व्हॅनिलाच्या अर्काचा पुसट हात लावतात.

३) पिल्ले आकाराप्रमाणे लावावीत. लहान पिल्लू मोठ्यांच्या वेतात टाकले तर त्याची उपासमार तिथेही चालूच राहते. लहान लहानांत आणि मोठे मोठ्यांत ठेवावे. सर्वांत दुधाळ मादीखाली लहान पिल्ले द्यावीत.

४) ज्या मादीची कास सुजली आहे तिची पिल्ले निरोगी मादीकडे देऊ नयेत. रोगजंतू पिल्लाच्या तोंडातून नव्या आईच्या सडाला पोहोचतात.

५) दिलेल्या पिल्लाच्या कानावर जांभळ्या औषधाची खूण करावी आणि वहीत नोंद ठेवावी. पुढे हीच पिल्ले पैदाशीला ठेवायची असतील तर खरे आई-बाप माहीत असावे लागतात, नाहीतर सख्ख्यांची जोडी लागते. आणि पैदाशीसाठी ससा विकताना त्याची वंशावळ खरी सांगणे ही गिऱ्हाइकाची अमानत आहे.

गाई-म्हशी पाळणाऱ्यांना शंका येईल की, आईचा चीक न मिळता पिल्लू जगेल का? वासराला चिकातून रोगप्रतिकारशक्ती मिळते. सशाच्या पिल्लाला ती मुख्यतः आईच्या पोटातच मिळालेली असते. चीक त्यालाही चांगलाच, पण एका दिवसाच्या पिल्लालाही दाईकडे देण्यास हरकत नाही.

दाई नसेल तर : दोन पाळ्या

घरात एकच मादी असेल किंवा दुसरी त्याच वेळी व्यालेली नसेल, तर दोन पाळ्यांची रीत वापरावी. बारा पिल्लांचे दोन गट करा. सहा मोठी एका पेटीत, सहा लहान दुसऱ्या पेटीत. दोन्ही पेट्या पिंजऱ्याबाहेर, उबदार आणि मांजर-उंदरापासून सुरक्षित जागी ठेवा. फजरच्या नमाजनंतर लहानांची पेटी मादीजवळ ठेवा, दहा मिनिटे थांबा आणि परत उचला. मगरिबनंतर मोठ्यांची पेटी ठेवा. दोन पाळ्यांत साधारण बारा तासांचे अंतर पडते, तेवढ्यात कासेत पुन्हा दूध साठते. प्रत्येक गटाला चोवीस तासांत एकदा पाजणे होते आणि पिल्लांना तेवढेच लागते.

वेळ पाळणे मात्र अत्यावश्यक आहे. पाजण्याची वेळ जवळ आली की पिल्ले आधीच जागी होऊन केसांतून वर येतात. उशीर झाला तर ती उघडी पडून गार होतात. या कामात घरातील स्त्रिया आणि मुले पुरुषांपेक्षा अधिक नेटकी ठरतात, कारण ती दोन्ही वेळांना घरी असतात. काम दहा मिनिटांचे असते, पण एकही वेळ चुकवून चालत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दोन पाळ्यांनी दूध फारसे वाढत नाही. वाढते ती वाटणीतली न्यायबुद्धी. सहा पिल्लांना आठ सड मिळतात, त्यामुळे दुबळेही तोंड लावू शकते. सर्व पिल्ले जगतील पण वजनाने थोडी हलकी राहतील, ही अपेक्षा ठेवावी. डोळे दहाव्या ते बाराव्या दिवशी उघडतात. पंधरा-सोळा दिवसांनी दोन्ही गट एकत्र करता येतात.

वरचे दूध कोणाला आणि किती?

वरचे दूध हा शेवटचा उपाय आहे. बाराच्या बारांना बाटलीवर वाढवू म्हटले तर वेळ जातो आणि पिल्लेही जातात. आईचे दूध मिळूनही मागे पडलेल्या दोन-तीन पिल्लांपुरताच त्याचा उपयोग करावा.

गाईचे नुसते दूध देऊ नये. त्यात स्निग्धांश व प्रथिने फार कमी पडतात आणि साखर सशिणीच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असते, त्यामुळे पिल्लाला जुलाब लागतात. शहरात मांजराच्या पिल्लांसाठीची दूधभुकटी मिळते, ती चांगली. न मिळाल्यास शेळीच्या दुधात थोडी ताजी साय घोटून द्यावी. दूध अंगाइतके कोमट असावे आणि प्रत्येक वेळी ताजे करावे.

पाजण्यासाठी सुई काढलेली एक मिलीलिटरची सिरिंज किंवा औषधाचा ड्रॉपर घ्यावा. पिल्लाला उताणे धरू नये, पोटावर किंवा किंचित उभे धरावे. ओठाला थेंब लावावा आणि त्याला चाटू द्यावे. जोराने पिचकारी मारली तर दूध फुप्फुसात जाते आणि पिल्लू दगावते. वरच्या दुधावरच असलेल्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात दर वेळी सुमारे अडीच मिलीलिटर, दिवसातून दोनदा द्यावे. आठवड्याचे झाल्यावर दर वेळी सहा-सात मिलीलिटर आणि दोन आठवड्यांचे झाल्यावर बारा-तेरा. आईचेही थोडे मिळत असेल तर यापेक्षा कमी द्यावे. पोट गोल झाले की थांबावे, ताणू नये. पाजून झाल्यावर ओल्या कोमट कापसाने पोटाखालचा भाग हलकेच पुसावा, म्हणजे लघवी मोकळी होते.

आईला काय द्यावे?

दूध मादीच्या खाण्यातून आणि पाण्यातून येते. बारा पिल्लांच्या आईला सर्वांत आधी पाणी कमी पडते. पाजणारी मादी दिवसाला एक लिटर आणि उन्हाळ्यात त्याहूनही बरेच जास्त पाणी पिते. सकाळी भरलेली वाटी दुपारी कोरडी पडली तर संध्याकाळचे दूध आटते. स्वच्छ, गार पाणी चोवीस तास समोर असावे.

व्याल्याबरोबर खुराक एकदम वाढवू नका. चार-पाच दिवसांत हळूहळू वाढवा, नाहीतर पोट बिघडते किंवा कासेत दूध दाटते. दुसऱ्या आठवड्यापासून हात आखडू नका. हिरवा व वाळलेला चारा पोटभर असेल तर मोठ्या मादीला १५० ते २०० ग्रॅम खुराक लागतो. वेत मोठे असेल आणि भांडे चाटूनपुसून रिकामे होत असेल तर आणखी द्यावा. खुराकात प्रथिने १६ ते १८ टक्के असावीत. मका किंवा ज्वारीचा भरडा, गव्हाचा कोंडा, शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड, क्षारमिश्रण आणि थोडे मीठ यांचे मिश्रण चालते. बुरशीचा वास येणारी शेंगदाणा पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. तिच्यातील विषाला ससा फार लवकर बळी पडतो.

चाऱ्यात लसूणघास, बरसीम, हादगा, शेवरी ही दुधाला चांगली. कोवळा ओला चारा चार-पाच तास सुकवून द्यावा, म्हणजे पोट फुगत नाही. सोबत वाळलेले गवत रोज हवेच.

तापमान ३० अंशांच्या वर गेले की मादी खाणे सोडते आणि दूध उतरते. छतावर ओले बारदान, भिंतीला झाडाची सावली आणि खेळती हवा ठेवावी. वैशाखाच्या भर उन्हात वेत येणार नाही, अशा बेताने माद्या लावाव्यात. उन्हाळ्यातले बाराचे वेत सांभाळण्यापेक्षा पावसाळ्यातले आठाचे वेत अधिक पैसे देते.

कासेवर लक्ष ठेवा

मोठ्या वेतात पिल्ले उपाशीपोटी सड ओरबाडतात, जखमा होतात आणि कासदाह होतो. रोज एकदा कास हाताने पाहावी. ती गरम, कडक, लाल किंवा निळसर लागली, मादी पाजताना झटकून पळू लागली, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जावे. माणसांसाठी घरात उरलेल्या गोळ्या देऊ नयेत. पेनिसिलीन, अँपिसिलीन, अमॉक्सिसिलीन ही औषधे तोंडावाटे दिली तर सशाच्या पोटातील उपयुक्त जंतू मरतात आणि जुलाब लागून ससा दगावतो. डॉक्टर नवीन असतील तर रुग्ण ससा आहे आणि ती पाजणारी मादी आहे, हे आधी स्पष्ट सांगावे.

या काळात नर जवळ ठेवू नये. सशीण व्याल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. बारा पिल्ले अंगावर आणि नवी पिल्ले पोटात, असा दुहेरी भार तिच्या हाडांतून वसूल होतो. मोठे वेत पाजणाऱ्या मादीला पिल्लांचे दूध तुटल्यावरच नर दाखवावा.

तिसऱ्या आठवड्यापासून दूध तोडेपर्यंत

अठरा ते एकवीस दिवसांची पिल्ले पेटीबाहेर येऊन आईच्या भांड्यात तोंड घालतात. नेमके याच सुमारास दूध कळसाला जाऊन उतरू लागते. म्हणून या दिवसांत पिल्लांना पोहोचेल असे उथळ भांडे, बारीक खुराक, मऊ वाळलेले गवत आणि पाणी ठेवावे. मोठ्या वेताला हाच खरा हातभार ठरतो, कारण खाणारे पिल्लू दुधावरचा भार हलका करते.

दूध सर्वांचे एकाच दिवशी तोडू नका. पाचव्या आठवड्यात मोठी पिल्ले वेगळी करा. लहान पिल्ले आणखी आठवडाभर आईजवळ राहू द्या, म्हणजे शेवटचे दूध त्यांच्याच वाट्याला येते. पिल्ले वेगळी केल्यावर काही दिवस खाद्य बदलू नये. दूध तुटणे आणि खाद्य बदलणे एकाच वेळी झाले तर जुलाबाची साथ हमखास येते.

वही काय सांगते?

प्रत्येक मादीचे एक पान करा. त्यावर लावल्याची तारीख, व्याल्याची तारीख, जिवंत व मेलेली पिल्ले, दिलेली व घेतलेली पिल्ले लिहा. पिल्लांचे वजन जन्मतः, आठव्या दिवशी आणि एकविसाव्या दिवशी घ्या. नीट पाजलेले पिल्लू पहिल्या आठवड्यात वजन दुप्पट करते. एकविसाव्या दिवशी वेताचे एकूण वजन हे मादीच्या दुधाचे मोजमाप समजावे, कारण तोपर्यंत पिल्लांचे अन्न बहुतेक दूधच असते. पुढची पैदास निवडताना बारा पिल्ले देणारी मादी निवडू नका. दिलेली पिल्ले वाढवून दाखविणारी, आठ किंवा अधिक चांगले सड असलेली मादी निवडा. दोन वर्षे अशी निवड केली तर शेडचे रूप पालटेल.

शेवटी एका हदीसची आठवण करून देणे योग्य होईल. प्रवासात काही साथीदारांनी एका लहान पक्षिणीची दोन पिल्ले उचलली आणि ती पंख फडफडवीत वर घिरट्या घालू लागली. पैगंबर (स.) यांनी तिला पिल्लांवरून कोणी दुःख दिले अशी विचारणा केली आणि पिल्ले परत करण्यास सांगितले. सुनन अबू दाऊदमध्ये ही घटना आली आहे. आपण तर आई आणि पिल्ले दोन्ही पिंजऱ्यात ठेवली आहेत. तिला बीळ निवडता येत नाही, चारा शोधता येत नाही, पाण्यापर्यंत जाता येत नाही. जे तिला करता येत नाही ते करण्याची जबाबदारी आपल्यावर आहे. ती पार पाडणाऱ्याला या धंद्यात हलाल रोजी मिळेल आणि तिच्यात बरकतही होईल, इन्शाअल्लाह. पुढच्या वेळी पेटीत बारा पिल्ले दिसली तर आनंद जरूर करा, पण त्याच दिवशी तराजू काढा आणि दाई शोधा.